माहेरात बार

त्या मंगळवारी शेवंताबाई तलावात उतरल्या, बार झाला आणि त्या मेल्या.

त्या माझ्या सासूबाई. दिग्रसजवळच्या तलावाकाठी भोयांची वस्ती आहे, तिथल्या. बोलण्याआधी त्यांचा हात चालायचा. लग्न ठरवायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्या एका ट्रॅक्टरवाल्याला चपलेने मारत होत्या. तो तलावात ट्रॅक्टर धुवायला आला होता. मला पाहून त्यांनी चप्पल पायात घातली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "बसा जवाईबुवा. याचं उरकते आता."

तलावातली झुडपे, खुंट लोकांनी जळणासाठी कधीच उपटून नेले होते. "न्हाव्यानं भादरल्यावानी झाला तलाव," सासूबाई म्हणत. मच्छीमार सोसायटी दरवर्षी माशांचे बीज सोडायची. लपायला जागा नसल्याने ते टिकत नसे. मरळीला तर अंडी घालायला आडोसाच लागतो. मग सासूबाईंनी बाभळीच्या काटेरी फांद्यांच्या जुड्या बांधल्या, दगड लावून एका कोपऱ्यात बुडवल्या आणि त्या ढिगाला नाव दिले माहेर. "बाळंतपणाले पोरगी कुठी जाते? मायघरीच ना? मंग मासोळीनं कुठी जावं?" वस्तीतल्या प्रत्येक सासुरवाशिणीने वर्षाला एक जुडी आणायची आणि माहेरात जाळे किंवा गळ टाकायचा नाही, हा त्यांचा कायदा. काट्यांत जाळी फाटत, हा वेगळा फायदा.

पहिल्यांदा कायदा मोडला तो त्यांच्याच धाकट्या दिराने, पांडुरंगने. माहेरावर गळ टाकून बसला होता. सासूबाई डोंगा घेऊन गेल्या.

"काढ गळ."

"काहून? मासोळ्या तुह्या बापाच्या हायेत का, वयनी?"

"बाळंतिणी हायेत, मेल्या!" म्हणत त्यांनी वल्हे हाणले. मनगट मोडल्याचा आवाज मला काठावर ऐकू आला. संध्याकाळी त्याच हाताला हळद लावायला त्या स्वतः गेल्या आणि लावतानाही शिव्या देत होत्या.

पांडुरंगचा हात वाकडाच बसला. वस्तीतली पोरे त्याला "बाळंतीण" म्हणून चिडवू लागली. तो गिट्टीच्या खदानीवर कामाला होता. तिथून त्याने स्फोटाच्या कांड्या आणल्या आणि तलावात बार उडवला. मासे पोट वर करून तरंगले. फुटलेल्या पोटांतून अंड्यांच्या पिवळ्या गाठी लोंबत होत्या. सासूबाईंनी त्यातली एक मरळ उचलली आणि पांडुरंगच्या थोबाडावर इतकी हाणली की हातात नुसता काटा उरला. "खा! कच्ची खा! अंड्यासकट खा!" त्याचे दात रक्ताने भरले होते. गावात तक्रार नेली तर उत्तर मिळाले, घरातले भांडण घरात मिटवा.

त्या मंगळवारी बायका नव्या जुड्या घेऊन काठावर जमल्या होत्या. मी आणि माझी बायको सुमनही होतो. पांडुरंग समोरच्या दगडावर आला, कांडी पेटवली आणि माहेरात फेकली. धूर विरला. बार झाला नाही. सासूबाई लुगडे खोचत म्हणाल्या,

"इझली वाटते. काढून आणतो."

पांडुरंग ओरडला, "वयनी, जाऊ नोको! ते वात पान्यातबी जळते!"

दुसऱ्या कोणी सांगितले असते तर त्या थांबल्या असत्या.

"तू कायले शिकवतं बे मले?" त्या छातीइतक्या पाण्यात गेल्या. "तुह्यी कांडी तुह्याच नरड्यात घालतो, थांब." वाकून त्यांनी जुड्यांत दोन्ही हात घातले.

पाणी उभे राहिले. सर्वांत आधी उडी मारली ती पांडुरंगने. त्यानेच त्यांना बाहेर ओढले. कोपरांखाली हात नव्हते. तोंडात, छातीत बाभळीचे काटे शिरले होते. "वयनी, म्या सांगतलं होतं," एवढेच तो म्हणत राहिला. बायकांनी त्याला दगडांनी ठेचायला घेतले. पोलीस येईपर्यंत तो तसाच पडून मार खात होता. दवाखान्यात सुमनने आईच्या अंगातला एकेक काटा काढल्याशिवाय प्रेत उचलू दिले नाही.

माहेराच्या जागी खड्डा झाला होता. यंदा बायकांनी त्यात पुन्हा जुड्या सोडल्या. पांडुरंगची बायको आपली जुडी घेऊन सर्वांत मागे उभी होती. कोणी तिच्याशी बोलले नाही. सुमनने पुढे होऊन जुडीचे दुसरे टोक धरले.

पांडुरंग तुरुंगात आहे. तलावात मरळ आहे.