स्टीलचं बेसिन

दुष्काळाच्या वर्षी आम्ही स्वयंपाकघर नवं करत होतो. उभ्यानं भांडी घासायला मला ओट्यात स्टीलचं बेसिन हवं होतं; ते आणूनही ठेवलं होतं. सासऱ्यांनी मात्र शहाबादी दगडाचं आणलं होतं. नवरा सूतगिरणीत पाळीवर गेलेला.

"सिमेंट वाळायलंय, लवकर सांगा," गवंडी म्हणाला.

सासऱ्यांनी दगडाच्या बेसिनकडं बोट दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "कुठलंबी बसवा, पण पाणी नळीतनं बाहेर सोडायचं न्हाय. डाळ-तांदळाचं धुवण म्हशीला लागतंय."

पाणी तर टँकर आला तरच.

"नळी नको," मी कसंबसं म्हणाले. "खाली बादली ठेवू. भरली की मी नेऊन ओतीन."

सासूबाई गवंड्याकडं वळल्या. "स्टीलचं बसवा."

सासरे उठून बाहेर गेले. जेवायला आले, पण आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.