आवडाबाई गैरहजर

चौतीस वर्षं शाळेत कारकुनी केलेल्या कडुबांचा निम्मा जन्म हुशार माणसांनी घातलेला घोळ निस्तरण्यात गेला. निवृत्तीनंतरही पडेगाव रस्त्यावरच्या त्या शाळेत ते रोज अकराला हजर, कारण निजामाच्या अमलातली रजिस्टरं वाचणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. त्यांतल्या तारखा निजामी कालगणनेतल्या, फसली सालातल्या. कागदावर आहे तेच उतरवायचं, ही त्यांच्या मौलवी हेडक्लार्कची शिकवण. म्हणून वीस वर्षांपूर्वी जुन्या कॉम्प्युटरमध्ये नोंदी चढवताना शाळेतली पहिली मुलगी आवडाबाई हिची प्रवेश तारीख त्यांनी तशीच घातली: ५/९/१३५६.

यंदा अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनच्या आधीच्या हयात विद्यार्थ्यांचा सत्कार ठरला. नव्या कॉम्प्युटरनं यादी काढली, ती कोरी.

कॉम्प्युटर कंपनीचा प्रणय म्हणाला, "काका, १३५६ म्हणजे टायपिंगची चूक. नवी सिस्टीम एकोणीसशेच्या आधीचं घेतच नाही."

"मग काय केलंत?"

"रिकामं ठेवता येत नव्हतं. नव्या सिस्टीमला चढवल्या त्या दिवशीची तारीख टाकली. असतील अडीचशे नोंदी."

"धन्य! अडीचशे म्हातारे पहिलीत बसवले. बाकं तरी मागवलीत का?"

कडुबांनी फसलीचा हिशेब सांगायला सुरुवात केली, तर प्रणय मध्येच म्हणाला, "पाचशे नव्वद मिळवायचे ना? एक मिनिटाचं काम."

"मिळवा की. म्हणजे बाई सप्टेंबर सेहेचाळीसला येतील, आणि शाळा उघडली जून सत्तेचाळीसला! अहो, फसलीचं साल ऑक्टोबरात लागतं. नववा महिना म्हणजे जून, आणि जानेवारीपासून एक जास्त मिळवायचा."

संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब वैतागले. "कडुबा, पत्रिका उद्या दुपारी छापायला जाणार. मशीनमधी नाव नाय, तर सत्कार नाय. मशीन खोटं बोलतं व्हय?"

"नाय साहेब. मशीन बिचारं सांगितलं तेवढंच बोलतं."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला दारात रिक्षा थांबली. नात श्रेयाचा हात धरून पंच्याऐंशीच्या घरातल्या आवडाबाई थेट आप्पासाहेबांच्या खोलीत शिरल्या. सत्कारासाठी घेऊन नोंदीत चढवलेल्या श्रेयाच्या नंबरावर सकाळी शाळेचा मेसेज गेला होता: 'आपली पाल्य आवडाबाई, इयत्ता पहिली, आज गैरहजर आहे.'

"कोण म्हणलं मी गैरहजर? शाळा उघडली त्या दिशी कुलूप निघायच्या आधी पायरीवर येऊन बसले होते मी! लई वर्षांनी खाडा धरला रे तुम्ही!"

आप्पासाहेब उठून उभे राहिले. कडुबांनी रजिस्टर त्यांच्यापुढं सरकवलं. नोंद पहिल्याच पानावर होती. साहेबांनी मुकाट्यानं छापखान्याला फोन लावला आणि नाव सांगितलं.

कडुबा प्रणयकडं वळले. हातानं लिहिलेली फसलीच्या बारा महिन्यांची यादी त्याच्यापुढं ठेवत म्हणाले, "एक झाली. उरलेल्यांचे मेसेज जायच्या आत बसा."