होडीची उलांडी

ती होडी आजही आठवते, कारण तिच्यात काहीच बिघाड नव्हता. बिघाड आहे असं आम्ही पाच दिवस धरून चाललो होतो आणि त्यात सगळ्यांच्या पुढे मी होतो.

मालवणच्या किनाऱ्यापासून बरंच आत, डोंगराच्या पायथ्याशी धरणाचं एक मोठं तळं आहे. काठच्या गावात भातशेती आणि काजू. तिथल्या एका शेतकऱ्याने तोंडवलीकडच्या एका मच्छीमाराकडून त्याची छोटी होडी विकत घेतली आणि बापलेक तळ्यात जाळं टाकू लागले. महिनाभराने, मे महिन्यातल्या एका दुपारी, घाटातून वारा उतरला. मुलगा जाळं ओढायला एकटाच आत गेला होता. बापाच्या डोळ्यांदेखत होडी उलटली. तिशीतला तो मुलगा दुसऱ्या दिवशी सापडला.

पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली, तिथला फौजदार म्हणून पंचनामा मी स्वतः केला. अंत्यविधी उरकून बाप फिर्याद द्यायला आला, मागे निम्मा गाव. मच्छीमाराने कुजकी होडी आपल्या गळ्यात मारली, असं त्याचं म्हणणं होतं. पोरगा गेलेल्या माणसावर अविश्वास दाखवायला जीभ रेटत नाही. त्यातून मी घाटावरचा. समुद्रात चाललेली होडी तळ्यात उलटते म्हणजे होडीतच खोट, हे मला लगेच पटलं.

मच्छीमाराला चौकशीला बोलावलं. पन्नाशीचा, काटक, अबोल गडी. सकाळी दहाला यायचा आणि संध्याकाळपर्यंत ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरच्या बाकावर बसून राहायचा. मी दमात घेतलं, समजावून पाहिलं, चहाही पाजला. "होडी बरी आसा, सायबानू," यापलीकडे तो जाईना. गुन्हेगार फार बोलतो किंवा अजिबात बोलत नाही, असा माझा तेव्हा एक ठोकताळा होता. तो या माणसाला मी बिनदिक्कत लावला, याची आज लाज वाटते.

त्याची बायको डोक्यावर पाटी घेऊन तळ्याकाठच्या त्याच गावात मासे विकायची. आता तिला कोणी अंगणात पाटी उतरवू देईना. मी गुन्हा नोंदवण्याच्या बेतात होतो. नोंदवला असता तर नवरा कोर्टाच्या वाऱ्या करत बसला असता आणि तिची ती घरं कायमची तुटली असती.

पाचव्या दिवशी ठाण्याच्या फोनवर एका बाईचा आवाज आला. दबका, पण ठाम. "होडयेची उलांडी खंय गेली, ती इचारा." एवढं बोलून फोन बंद.

उलांडी म्हणजे काय, हे मला हवालदाराला विचारावं लागलं. तो किनाऱ्यावरचाच. त्याने कागदावर काढून दाखवलं: होडीच्या एका बाजूला, थोडं लांब, दोन आडव्या दांड्यांना बांधलेलं तरंगतं लाकूड. होडी कलंडू लागली की तेच तिला सावरतं. माझ्या पंचनाम्यात त्याचा उल्लेखच नव्हता. जे असतं हेच ठाऊक नाही, ते नाहीसं झालेलं कसं दिसणार?

मच्छीमाराला जीपमध्ये घातलं आणि तळ्यावर नेलं. अपघातानंतर होडी तो पहिल्यांदाच बघत होता. त्याने काठावर हात फिरवला, दांड्या बांधायच्या जागी लोंबणाऱ्या दोरीची टोकं उचलून पाहिली आणि खालीच बसला.

"दोरी तुटाक नाय," तो म्हणाला. "कोणीतरी सोडल्यान."

मग मात्र तो बोलला. गोड्या पाण्यात होडी खाऱ्यापेक्षा खोल बसते. डोंगराखालच्या तळ्यात वारा अंगावर पडला की लाट आखूड आणि उभी येते, समुद्रासारखी लांबून कळवून येत नाही. म्हणून होडी देतानाच त्याने बजावलं होतं की उलांडी काढायची नाही. हे आधी का सांगितलं नाहीस, असं मी विचारलं. तो म्हणाला, "तुमी इचारलात, होडी कुजकी काय? कुजकी नव्हती."

तिथून थेट शेतकऱ्याच्या घरी गेलो. उलांडी म्हणताच त्याची नजर गोठ्यामागच्या गवताच्या ढिगाकडे गेली आणि परत आली. चौकशीत माणसाची जीभ खोटं बोलते, डोळ्यांना ते जमत नाही. हवालदाराने गवत उपसलं. लाकूड तळाशी होतं.

बाप ओट्यावरच कोसळला. धरणात बुडालेल्या झाडांच्या खुंटांत उलांडी सारखी अडकत होती, जाळी फाटत होती. त्या दिवशी सकाळी मुलगा पेज जेवत असताना याने दोऱ्या सोडल्या. मुलगा राहू दे म्हणाला होता. "मीच तेका म्हटलंय," बाप रडत म्हणाला, "तळयात खंयसून येतली लाट?" मग आत असलेल्या बायकोच्या दिशेने बघत, माझे पाय धरून हळूच म्हणाला, "तिका सांगू नकात, सायबानू. ती जगाची नाय."

मी त्याचा जबाब घेतला. तेवढ्यात आतून त्याची बायको तांब्या घेऊन आली. "पाणी घेवा," म्हणाली. दोनच शब्द, पण फोनवरचा आवाज मी ओळखला. गाईंना गवत घालणारी तीच होती. ढिगाखालचं लाकूड तिला नवऱ्याच्या फिर्यादीनंतर कधीतरी सापडलं असणार.

निघताना ती जीपपर्यंत आली. नवरा ऐकणार नाही इतकं अंतर राखून म्हणाली, "माझो झील गेलो तो गेलो. त्या म्हावरेवालीच्या घोवाक कित्याक तुरुंगात धाडतास?" मग ओट्याकडे मान वळवून म्हणाली, "माका म्हायत आसा, ह्यां तेंका कळाक नको."

मच्छीमाराला त्याच संध्याकाळी मोकळं केलं. मी त्याची माफी मागितली, तोंडी, सगळ्या ठाण्यादेखत. पुढे वरिष्ठांनी प्रकरण अपघाती मृत्यू म्हणून बंद केलं.

निवृत्तीनंतर लोक विचारतात, एवढीशी होडी मोठ्या तळ्यात चालते का? मी सांगतो, चालते. पण ज्याने ती आधी चालवली त्याला विचारा, आणि त्याने सांगितलेलं ऐका. मी त्याला पाच दिवस समोर बसवलं आणि विचारलं नाही. त्या बापानेही ऐकलं नाही. आमच्या दोघांच्या चुकीत फरक एवढाच की माझी दुरुस्त करता आली.

स्टेशन डायरीत मी लिहिलं: निनावी स्त्रीचा फोन, ओळख पटली नाही. अख्ख्या नोकरीत जाणूनबुजून खोटी केलेली ती माझी एकच नोंद. त्या घरात ती दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत जगत होती, आणि ती फोडायचा अधिकार माझ्या वर्दीला नव्हता.