राखून ठेवलेली खेळी

रविवारी दुपारी दोन घास जास्त झाले की मला झोप येत नाही, ती अंगावर कोसळते. शेजारच्या शेडमध्ये यंत्रमागांचा खडखडाट चालू आहे. इचलकरंजीत वाढलेल्या माणसाला तो आवाज थांबला तरच जाग येते. आज तो थांबतो आणि मला जाग येत नाही. मी मगदुमांच्या माडीवर सतरंजीवर मांडी घालून बसलोय.

पद्मजा मगदूम माझी मैत्रीण. तिला जाऊन पाच महिने झाले. ती समोर बसून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टीनं चौकोन आखतेय. आमचा खेळ असाच मांडला जायचा, दर रविवारी, नऊ वर्षं. आम्ही चौघं. प्रत्येकाचं एक पात्र, ते तोंडानं बोलून वठवायचं, आणि लढाई जुंपली की चौकोनांवर सरकत फासे टाकायचे. राक्षस म्हणून मागावरच्या सूत संपलेल्या कांड्या उभ्या करायच्या. खेळ चालवायची पद्मजा, आणि नियमाच्या बाबतीत ती सख्ख्या भावाचीही गय करायची नाही.

"सुक्या, तुझी पाळी," ती म्हणते.

"तू बारीक झालीस."

"मेल्यावर सगळीच होतात. खेळ."

"मी रेडी," मी म्हणतो.

आपल्या पाळीला सहा चौकोन चालता येतं आणि एक काम करता येतं. ते काम लगेच करायचं नसेल तर राखून ठेवता येतं, पण अट आधी बोलून टाकायची. अमुक झालं तर मी बाण सोडेन. याला आम्ही रेडी म्हणायचो. माझा तिरंदाज सदानकदा रेडी असायचा, म्हणून बाकीचे मला थांबेश्वर म्हणायचे. मला त्याचा राग यायचा नाही, कारण ते खरंच होतं.

"कशावर रेडी?"

"दार उघडलं तर."

"आणि नाहीच उघडलं तर?"

गेल्या वर्षी याच प्रश्नावरून आमचं बिनसलं. दार उघडलं नव्हतं, माझी पाळी फिरून आली होती, आणि माझा बाण अजून ताणलेलाच आहे असं माझं म्हणणं होतं. पद्मजाचं म्हणणं, पुढच्या पाळीपर्यंत अट घडली नाही तर राखलेलं काम वाया. त्या फेरीत माझा तिरंदाज मेला. "तुझा खेळ तुलाच लखलाभ," म्हणून मी उठलो, आणि जिन्यातून ओरडलो, "बोलावशील तेव्हा येईन." एका कागदावरच्या माणसासाठी! दोन महिन्यांनी तिचं दुखणं निघालं. आणखी सहा महिन्यांनी ती गेली. तिनं बोलावलं नाही आणि मी गेलो नाही.

आता चौकोन पायाखाली आहेत. पांढऱ्या फरश्या, फिनेलचा वास. सांगलीचा दवाखाना. माणसाएवढ्या कांड्या नंबर लावून भिंतीकडेला उभ्या आहेत. पद्मजा टोकाच्या कॉटवर, एका हाताला सलाईन, दुसऱ्या हातात फासा.

"इथं आलतास तू," ती म्हणते.

"तुला कुणी सांगितलं?"

"फाटकापर्यंत आलतास."

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. "आलतो," मी म्हणतो. "समोरच्या टपरीवर उभा राहिलो. ठरवलं, तुझा भाऊ बाहेर आला आणि त्यानं मला बघितलं, तर आत जायचं."

"म्हणजे रेडी."

"पाऊण तास. नाही आला. मग एसटी धरली."

मला वाटतं ती हसेल. ती हसत नाही.

"तो माझ्यापाशी बसलता, सुक्या. चमच्यानं पाणी पाजत होता मला. बाहेर कसा येणार?"

मला रडू फुटतं. माझं चुकलं पद्मे, माझं चुकलं, एवढंच मी म्हणत राहतो. कांड्या माझ्याकडे वळून बघतात. मला त्यांची लाज वाटत नाही.

"शत्रूच्या शेजारच्या चौकोनातनं उठून पळालं तर काय होतं?" ती विचारते.

"जाता जाता त्याचा एक फटका फुकट बसतो."

"भांडलास त्या दिवशी माझ्या शेजारनं उठून गेलास. मी मारला काय?"

"नाही."

"लागला असता तुला."

मी डोळे पुसतो आणि मला भयंकर राग येतो. माझा स्वभावच मेला तसला. "मग बोलवायचं तरी होतंस!" मी ओरडतो. "एक मेसेज, पद्मजा! आडमुठी आहेस तू. तुला काय झालं असतं एक मेसेज करायला?"

"मी पण रेडी होते," ती म्हणते. "सुक्या दारात दिसला तर पोटभर शिव्या द्यायच्या. रोज दाराकडं बघायचे."

सलाईनचा थेंब पडायचा थांबलाय. पद्मजा फासा उशीखाली ठेवते.

"माझ्या आईकडं गेलास?"

"काकूंनी बोलावलं तर मी..."

"बघ. परत तेच."

"मग काय म्हणू मी?"

"मला काय विचारतोस? मी खेळ चालवते नुसता. सहा फरश्या आहेत, चाल. आणि 'तर' म्हणायचं नाही."

मी चालतो. एक, दोन, तीन. कॉट जवळ येत नाही. सहाव्या फरशीवर कॉट नाही, पद्मजा नाही, फक्त मगदुमांचं दार आहे, बंद. "जातो," मी म्हणतो. "मी जातो." आणि माग सुरू होतात.

जाग येते. गालाखाली मोबाईल आहे, चांगलाच तापलेला. दर रविवारी मी मगदुमांच्या घरचा नंबर काढतो, बघत पडतो आणि ठेवून देतो. आज झोपेत अंगठा लागून फोन गेलाय. पडद्यावर एकोणीस मिनिटं झालीत आणि सेकंद पुढं पळताहेत. पलीकडे कुणीतरी खोकतं.

"काकू?"

"उठलास काय?" पद्मजाची आई विचारते.

"झोपेत लागला, काकू. तुम्ही ठेवायचा तरी."

"ठेवणारच होते. मग तू तिचं नाव घेतलंस. ती गेल्यापासनं घरात सगळी तिच्याबद्दल हळू आवाजात बोलतात बघ. आज कुणीतरी भांडलं तिच्याशी. आडमुठी म्हणालास. होतीच ती."

मी उठून बसतो. शर्ट ओढून घेतो.

"पाऊण तास उभा होतास, ते पण ऐकलं," त्या म्हणतात. "तुझं सगळं ऐकू आलं रे, तिचं काहीच नाही. ती काय म्हणत होती, तेवढं सांग की."

माझा एक हात शर्टाच्या बाहीत आहे, दुसऱ्या हातात मोबाईल.

"फोन ठेवू नका, काकू," मी म्हणतो. "निघालोय."