चार दहा की चार अठ्ठ्याऐंशी

व्हर्ल स्टॉडर्डला उभ्या गावात कुणी वाईट म्हणणार नाही. माणूस सरळ, बोलायला गोड, चर्चमधलं जेवण आटोपल्यावर खुर्च्यांच्या घड्या घालायला शेवटपर्यंत थांबणारा. पण त्याला एक खोड आहे. मेहुण्यानं काही केलं की यालाही ते करायचंच असतं. मेहुणा म्हणजे लमाँट, बायकोचा, नेड्राचा, धाकटा भाऊ. लमाँटनं दाढी वाढवली, यानंही वाढवली. नेड्रा जवळ बसून जेवू देईना म्हटल्यावर उतरवली. मग लमाँटनं ट्रकला हे एवढाले टायर बसवले, आणि रविवारी चर्चच्या आवारात त्याचा ट्रक व्हर्लच्या ट्रककडे वरून खाली बघायला लागला. पुढच्या रविवारी व्हर्लच्या ट्रकखालीही तसलेच टायर!

"आता आत बसायला शिडी आण," नेड्रा म्हणाली. तिचे गुडघे दुखतात, हे याच्या ध्यानातच नव्हतं.

टायर मोठे झाले आणि ट्रक आळशी झाला. तो होणारच. इंजिनाकडून येणारा दांडा आक्सलमधल्या, म्हणजे चाकांच्या आसातल्या, दातेरी चाकांना फिरवतो, तेव्हा कुठे टायर फिरतो. व्हर्लच्या ट्रकला दांड्याचे पावणेचार फेरे झाले की टायरचा एक. लहान टायरला तेवढं पुरत होतं. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतो, म्हणजे ओढही तेवढी जास्त. इंजिन बिचारं धापा टाकायला लागलं.

बरं, नुसता बाजारहाट असता तर चाललंही असतं. पण व्हर्लकडे गाडा असतो. जूनमध्ये मेंढरं डोंगरावर चरायला जातात, त्यांच्या मागून मेंढपाळाची राहायची चाकांवरची खोली, चूल-पलंगासकट, ट्रकला बांधून वर न्यायची. मग उन्हाळाभर दर आठवड्याला त्याला पीठ, बटाटे, बॅटऱ्या पोचवायच्या. हे काम आधी व्हर्लच्या वडिलांकडे होतं, मग व्हर्लकडे आलं. वाटेत कोपराचं वळण म्हणून एक चढ आहे. बर्फ वितळून तिथं लाल चिखल होतो. ट्रक लोमध्ये, म्हणजे संथ गिअरांत, घातला तर इतका हळू चालतो की चिखल चाकं धरून बसतो, आणि हायमध्ये, म्हणजे वेगाच्या गिअरांत, घातला तर अंगात दम हवा. गाडे चढवायच्या दिवशी सगळं गाव खाली जमतं, बिडाच्या भांड्यांत बटाटे-कांदा-बेकन शिजत असतं. ज्याचा गाडा अडला त्यानं कळपाच्या पुढे चालणाऱ्या मेंढीची घंटा गळ्यात घालून नाश्ता करायचा.

गेल्या वर्षी ती घंटा व्हर्लच्या गळ्यात होती. लमाँटनं ट्रॅक्टरनं ओढून वर नेला त्याला, आणि वरून म्हणाला, "दाजी, घास घेताना हलू नका, मेंढरं जमा होतील."

हसण्यावारी गेलं. पण मेंढरंवाल्यांच्या मंडळाच्या अध्यक्षानं हळूच सांगितलं, की यंदाही अडला तर गाडा कुणा तरुणाला द्यावा लागेल. व्हर्ल त्या रात्री नीट जेवला नाही. डोंगर गेला तर त्यानं उन्हाळ्यात करायचं काय? नेड्राच्या फडताळातले डबे उंचीप्रमाणे लावत बसायचं?

म्हणून वसंतात दोघं ती दातेरी चाकं, म्हणजे गिअर, बदलायला रूलनच्या गॅरेजमध्ये गेली. रूलन बेक म्हणजे अख्ख्या खोऱ्याचा मेकॅनिक, बोलतो कमी, हात पुसतो जास्त.

"चार अठ्ठ्याऐंशी टाक," व्हर्ल म्हणाला. म्हणजे दांड्याचे जवळजवळ पाच फेरे आणि टायरचा एक. ओढायला बैल.

"आणि हायवेवर?" नेड्रा म्हणाली. "इंजिन सारखं किंचाळणार. आम्ही दर महिन्याला बॉइसीला जातो, रूलन. पाच तास! चार दहा टाक, तेवढ्यानं याचा आळस जाईल."

"आळस जाईल, पण चढ चढणार नाही," व्हर्ल म्हणाला.

"मग टायर काढ. जुने कोठारात आहेत."

व्हर्लनं छताकडे बघितलं. टायर काढायचे, लमाँटच्या डोळ्यांदेखत! छे.

"मधलं घ्या," रूलन म्हणाला. "चार छप्पन. लमाँटला तेच बसवलंय मी."

"नको! त्याच्यापेक्षा जास्तच हवं," व्हर्ल म्हणाला.

"तुझ्या मधल्यानं माझे कानही जातील आणि याचा चढही," नेड्रा म्हणाली.

रूलननं हात पुसले. "मग असं करू. वहिनींचं पुढच्या आक्सलला, तुझं मागच्याला."

तिघंही हसली. कारण पुढचं आणि मागचं एका मापाचं नसलं, आणि चारही चाकं इंजिनाला जोडली, तर पुढची चाकं एका वेगानं पळू बघतात, मागची दुसऱ्या, आणि मधलं काहीतरी कडकन मोडतं.

"ठरवून या," रूलन म्हणाला.

ठरेना. जेवताना चार दहा, झोपताना चार अठ्ठ्याऐंशी. मग बॉइसीची फेरी आली. लेक तिथं असते, तिची जुळी आहेत. हायवेला लागल्यावर व्हर्लनं सहज बघितलं, तर नेड्रा पर्समधून कापूस काढून कानांत घालत होती. हा जुना ट्रक, जुने गिअर, तरी कापूस! परतताना ती म्हणाली, "पोरं काय बोलतात ते मला पोचल्यावर तासभर तरी कळतच नाही. डोक्यात नुसतं घुं घुं."

 मंगळवारी व्हर्ल एकटाच ट्रक घेऊन रूलनकडे गेला.

"चार दहा टाक," म्हणाला. "दोन्हीकडे."

"आणि कोपराचं वळण?"

"होईल काय व्हायचं ते. घंटा काही जड नाहीये. आणि नेड्राला सांगू नकोस, तिला वाटेल मी हरलो."

"बरं," रूलन म्हणाला आणि हात पुसायला लागला.

आठवड्यानं ट्रक मिळाला. गॅरेजातून निघाला, पहिला गिअर टाकला, दुसरा टाकला, आणि व्हर्लचा पाय आपोआप सैल झाला. ट्रक कसा तरण्या घोड्यासारखा उसळत होता, आणि इंजिन वरच्या पट्टीत गात होतं. हे चार दहा नव्हे! तिथल्या तिथं फिरवून तो परत आला.

"रूलन, हे काय घातलंस?"

"चार अठ्ठ्याऐंशी."

"मी काय सांगितलं होतं?"

"तू मंगळवारी सांगितलंस. वहिनी बुधवारी येऊन गेल्या, तुझं चार दहा माझ्या तोंडून काढून घेतलं." रूलन शक्य तितका गंभीर राहिला. "म्हणाल्या, हा उन्हाळाभर घरात बसला तर त्याची बडबड ऐकण्यापेक्षा इंजिन परवडलं. आणि म्हणाल्या, त्याला सांगू नकोस."

 व्हर्ल घरी आला. नेड्रा मागच्या दारात कपडे वाळत घालत होती.

"आवाज जरा वाढलाय का गं?" त्यानं विचारलं.

"मला नाही बाई वाटत," ती म्हणाली. "चार दहा आहे ना, शांतच असणार."

"हो. शांतच आहे," व्हर्ल म्हणाला. काय ध्यानं आहेत बघा एकेक!

गाडे चढवायच्या दिवशी चिखल गुडघाभर होता. लमाँटनं घंटा हातात घेऊनच स्वागत केलं. "दाजी, माप घेऊन ठेवू का गळ्याचं?"

"तुझ्या बहिणीचं घे, ती बसतेय शेजारी."

नेड्रा खरंच चढली, शिडीशिवाय, कण्हत-कुथत. मांडीवर तिनं एक मोठा धोंडा घेतला होता. ट्रक मागं यायला लागला तर उडी मारून चाकाखाली लावायचा म्हणे. या गुडघ्यांनी!

व्हर्लनं चारही चाकं जोडली, हायचा पहिला गिअर टाकला आणि ट्रक सोडला. वळणावर मागचा गाडा वाकडा झाला, चिखल काचेवर उडाला, इंजिन ओरडायला लागलं. गेल्या वर्षी नेमका इथंच दम गेला होता. नेड्राचा हात दाराच्या कडीवर गेला. व्हर्लनं पाय तसूभरही उचलला नाही. ट्रक एकदा लटपटला, मग टायरनं खालची खडी पकडली, आणि गाडा फरफटत कोपर पार करून गेला. खालून आरडाओरडा ऐकू आला. लमाँटनं घंटा वाजवली, दुसरं काय करणार!

वरच्या कुरणात थांबल्यावर व्हर्ल म्हणाला, "चार दहाला चढला बरं का."

नेड्रानं एका कानातला कापूस काढला. "काय म्हणालास?"

"काही नाही. धोंडा दे."

तिनं दिला. त्यानं खाली उतरून तो गाड्याच्या चाकाखाली सारला, म्हणजे मेंढपाळाची चूल सपाट बसेल.