मेण तापवणारा एल्विन

एल्मस्टोच्या बिशपांकडे एल्विन एकतीस वर्षं मेण तापवत होता. हे ऐकून कुणाला हसू आलं तर येऊ दे, त्यालाही यायचं. पण बिशपांनी पत्रात काहीही लिहवून घेतलं तरी खाली मेणात त्यांची मुद्रा उमटेपर्यंत त्याला कुणी भीक घालत नसे. मेण गार राहिलं तर मुद्रेतल्या चेहऱ्याचं नाक उडतं, जास्त तापलं तर चेहराच वाहून जातो. एल्विन ते कोमट पाण्यात बुडवून डाव्या मुठीत मळत राहायचा आणि अंगठा सांगेल तेव्हाच मुद्रा दाबायचा. त्याच्या हाताला कायम मधाचा वास. बायको होती तोवर म्हणायची, "माझं लग्न तुझ्याशी नाही, मधाच्या पोळ्याशी लागलंय."

बिशप हॅमो काही संत नव्हते. ताटात ईल मासा नसला की सगळं घर डोक्यावर घ्यायचे. राजवाड्यातल्या उलाढालींचा तर त्यांना नादच होता. जुन्या राजाला मुलगा उरला नाही, तेव्हा त्यानं सगळ्यांकडून शपथ घेतली, की माझ्यामागे माझी मुलगी गादीवर बसेल. सर्वांत आधी शपथ घेतली ती हॅमोंनी. मग राजा गेला, मुलगी समुद्रापलीकडे राहिली आणि पुतण्यानं गादी बळकावली. राज्याभिषेकात त्याच्या कपाळाला लावायच्या पवित्र तेलाची कुपीही हॅमोंनीच धरली. मुलगी लांब होती आणि पुतण्या दारात उभा होता, एवढंच त्याचं कारण. एल्विनला ते मुळीच रुचलं नव्हतं, पण मेणवाल्याला विचारतो कोण?

चार वर्षांनी मुलगी फौज घेऊन किनाऱ्याला उतरली आणि पुतण्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याला हॅमोंकडून एक पत्र हवं झालं. जुन्या राजानं मरताना सगळ्यांना शपथेतून मोकळं केलं आणि ते मी माझ्या कानांनी ऐकलं, असं बिशपांनी लिहून द्यायचं. हॅमो तेव्हा तीन आठवडे अंथरुणाला खिळलेले होते. पत्र त्यांच्या भाच्यानं, थर्स्टननं, लिहून तयार ठेवलं. मामांच्या मागे बिशपाची जागा तुलाच, असा शब्द त्याला नव्या राजाकडून मिळाला होता.

त्या दिवशी हॅमोंनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि एल्विनला उशाशी बसवलं.

"जुन्या राजाच्या मृत्युपत्रावर मुद्रा लावायला तू होतास ना रे माझ्याबरोबर? शेवटी काय म्हणाला तो?"

"दार लावा, वारं येतंय, असं म्हणाले. मग गेले."

हॅमो खोकला येईपर्यंत हसले. "आणि शपथेचं?"

"अवाक्षर नाही, धनी."

"मीही तेवढंच ऐकलं." त्यांनी गळ्यातली चांदीची मुद्रा चाचपली. "एकदा घाबरलो, ते पुरे झालं. हे पत्र माझ्या मुद्रेनं जाता कामा नये. ऐकलंस?"

"ऐकलं."

"गाढव आहेस, पण ऐकतोस बाबा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ते गेले. खोलीत थर्स्टन आणि एल्विन दोघंच होते. थर्स्टननं मामांचे डोळे मिटले, गळ्यातली मुद्रा काढली आणि पलंगाचा पडदा ओढून घेतला.

"मेण तापव. पत्रावर कालची तारीख आहे. ते रवाना होईपर्यंत धनी झोपलेत, समजलं?"

एल्विनची पाचावर धारण बसली. नाही म्हणावं तर कोठडी, आणि या वयात त्याला दुसरीकडे कोण ठेवणार होतं? त्यानं मेण पाण्यात बुडवून मुठीत घेतलं.

"सरकार, मुद्रा फार गार आहे. मेण टेकताच थिजेल, चेहरा अर्धाच उठेल. खाली चुलीवर शेकून आणतो."

खोटं नव्हतंच ते. थर्स्टनला या कामातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं मुद्रा दिली. "लवकर ये."

स्वयंपाकघरात वीसेक माणसं होती. मुख्य आचारीण हावीस ओंडक्यावर मेंढीची तंगडी तोडत होती. एल्विन चुलीकडे गेलाच नाही. त्यानं तिच्या ओंडक्यावर मुद्रा ठेवली.

"सत्तूर दे जरा."

"हाडं तोडायचा आहे तो. तुझ्या मेणाला कशाला लागतोय?"

त्यानं सत्तूर घेतला आणि घाव घातला. तिसऱ्या घावाला चांदी दुभंगली.

बिशपाची मुद्रा फक्त एकाच दिवशी फोडतात, हे त्या घरात भांडी घासणाऱ्यालाही ठाऊक होतं. मेलेल्या माणसाच्या तोंडून कुणी बोलू नये म्हणून फोडतात. खरं तर ती वेदीसमोर, सर्वांत वडील धर्मगुरूनं, प्रार्थना म्हणून फोडायची असते. एल्विनलाही ते माहीत होतं, आणि त्याला त्याची लाज वाटत होती.

हावीसनं हात पुसले. "कधी?"

"आत्ताच."

ती गुडघ्यांवर बसली. एकेक करून सगळे बसले. कुणीतरी घंटेकडे धावलं.

घंटा ऐकून थर्स्टन खाली आला. ओंडक्यावरचे दोन तुकडे पाहिले आणि तो पांढराफटक पडला.

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"धन्यांनी. काल."

वीस माणसं मामासाठी प्रार्थना करत असताना भाच्याला उभं राहता येईना. तोही बसला, मेंढीच्या रक्तात गुडघे टेकून. बसल्या बसल्याच पुटपुटला, "उद्या या दारात दिसू नकोस."

"नाही दिसणार, सरकार."

एल्विननं डावी मूठ उघडली. इतका वेळ ती आपली मळतच राहिली होती. मेण अगदी हवं तसं झालं होतं, अंगठा सांगत होता, आता दाब. दाबायला काहीच उरलं नव्हतं. तेव्हा कुठे म्हातारा ओक्साबोक्शी रडला.