खड्डा भरला की नाही

रेवदंड्याच्या बाजारातल्या त्या मासळीवालीचं नाव मला आजही ठाऊक नाही. ती अंगठ्याने मासा दाबून दाखवते. खड्डा लगेच भरला तर मासा ताजा.

एकदा मी खारे बांगडे मागितले. ती खाली बसलेली, त्यामुळे गिऱ्हाइकांचे पाय तिला आधी दिसतात. तिने सरळ माझ्या सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा तसाच राहिला.

“खारं न्हाय देनार, बाय. आदी डाक्टरला दाखव.”

मला रागच आला, पण गेले. रक्तदाब भलताच वाढलेला, मूत्रपिंडांवर ताण. डॉक्टर म्हणाले, “वेळेवर आलात.”

आता दर आठवड्याला ती आधी माझी नडगी दाबते, मग मासा. परवा खड्डा चटकन भरला.

“ताजी हायस,” ती म्हणाली.

बासष्टाव्या वर्षी मला असं म्हणणारी ती एकटीच.